डंख कुणाला? : युद्धातलं एक वर्ष आणि एक विनोदी वृत्तपत्र



आज मी एका वृत्तपत्राबद्दल बोलणार आहे. चार पानांचं, आठवड्यातून दोनदा निघणारं, सचित्र आणि विनोदी. नाव 'काबिचुई'. ग्वारानी भाषेतला हा शब्द आहे, अर्थ एक लहानशी गांधीलमाशी. १३ मे १८६७ रोजी पॅराग्वे देशाच्या दक्षिण टोकाला, पासो पुकू नावाच्या लष्करी तळावर, लष्कराच्याच छापखान्यात त्याचा पहिला अंक छापला गेला. शत्रूच्या तोफा हाकेच्या अंतरावर होत्या. अन्न कमी होतं, कागद संपत आला होता. आणि अशा जागी हे लोक व्यंगचित्रं छापत होते.

मला प्रश्न पडतो तो असा, की एखादा समाज मृत्यूच्या दारात उभा राहून हसतो, तेव्हा ते हसू नेमकं कुणाचं असतं? हसणाऱ्याचं, की त्याला हसवण्याची व्यवस्था करणाऱ्याचं? प्रश्न जुना आहे. पण तो हवेत सोडवण्यापेक्षा एका ठरावीक कागदावर, एका ठरावीक वर्षात ठेवून बघावा, म्हणून १८६७.

थोडी पार्श्वभूमी देतो, भराभर.

नकाशा डोळ्यासमोर आणा. दक्षिण अमेरिकेच्या पोटात, समुद्रकिनारा नसलेला देश म्हणजे पॅराग्वे. जगाशी त्याचा संबंध नदीवाटे. पॅराग्वे नदी दक्षिणेला जाऊन पाराना नदीला मिळते आणि तिथून वाट बुएनोस आयरेसकडे. १८६४ च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेस यानं, उरुग्वेत ब्राझीलनं केलेल्या हस्तक्षेपाचं कारण देऊन, ब्राझीलविरुद्ध युद्ध पुकारलं. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाच्या हद्दीतही फौजा घातल्या. १ मे १८६५ रोजी ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी त्याच्याविरुद्ध तह केला. म्हणून हे त्रिपक्षीय आघाडीचं युद्ध. १ मार्च १८७० ला सेरो कोरा इथे लोपेस मारला गेला तेव्हा ते संपलं. माणसं किती मेली यावर अभ्यासकांची भांडणं आजही चालू आहेत. काहींच्या मते लोकसंख्येच्या निम्म्याहून बरीच जास्त, काहींच्या मते त्यापेक्षा पुष्कळ कमी. कमीतला कमी आकडा धरला तरी तो कुठल्याही देशाला मोडून टाकणारा आहे.

आता या पाच वर्षांत १८६७ हेच का? कारण ते मधलं वर्ष. २२ सप्टेंबर १८६६ ला कुरुपाइतीच्या खंदकांवर आघाडीच्या फौजांनी समोरून हल्ला चढवला आणि सुमारे ४,००० माणसं गमावली. पॅराग्वेची हानी त्या मानानं अगदी नगण्य. त्यानंतर महिनोन्‌महिने मोठं काही घडलंच नाही. दोन्ही फौजा दलदलीत समोरासमोर बसून राहिल्या. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आणि आघाडीचे सरसेनापती मित्रे यांना स्वतःच्याच देशातलं बंड मोडायला १८६७ च्या सुरुवातीला परत जावं लागलं. ब्राझीलचे सेनापती काशियास नव्यानं फौज बांधत होते. म्हणजे पॅराग्वेच्या बाजूनं बघितलं तर एक विजय ताजा आहे, पराभव अजून दिसत नाही, आणि भूक मात्र रोज वाढते आहे. हसू आणि भीती एकाच ताटात वाढलेली असावी, असं हे वर्ष.

त्या वर्षाचा संसार कसा चालला होता ते बघा. जून १८६५ मध्ये रियाचुएलोच्या नदीयुद्धात पॅराग्वेचं आरमार मोडलं आणि नदीची वाट बंद झाली. बाहेरून काहीही येईना. मग जे आहे त्यातून करायचं. कारागुआता नावाच्या अननसाच्या जातीतल्या काटेरी झुडपाच्या धाग्यांपासून कागद बनवला गेला. लोपेसच्या नोकरीत असलेला जॉर्ज थॉम्प्सन हा इंग्रज अभियंता पुढे १८६९ मध्ये या युद्धावर पुस्तक लिहितो. त्यात तो सांगतो की राजधानी असुन्सियोनमधले गालिचे कापून सैनिकांच्या अंगावरचे पोंचो केले. नाचघराचा गालिचा सैनिकाच्या खांद्यावर! एवढं एक चित्र पुरे आहे.

त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला असुन्सियोनमध्ये स्त्रियांची सभा भरली आणि त्यांनी आपले दागिने युद्धासाठी देऊ केले. आज तो दिवस पॅराग्वेत स्त्रियांचा दिन म्हणून पाळतात. त्यांनी ते मनापासून दिले का? काहींनी नक्कीच दिले असतील. पण ज्या सभेत 'नाही' म्हणायची सोय नाही, तिथल्या 'हो'चं वजन कसं करायचं? हा प्रश्न बाजूला ठेवू नका. तो आपल्याला हसण्याबद्दलही विचारायचा आहे.

आणि याच वर्षी कॉलरा आला. आधी आघाडीच्या छावण्यांत, मग नदीच्या वरच्या अंगाला पॅराग्वेच्या तळावर. लोपेसनं काय केलं? रोगाचं नाव उच्चारायलाच बंदी घातली. माणसं मरत होती, पण कशानं मरतात ते म्हणायचं नाही. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय. ज्या तळावर विनोदाला परवानगी होती, किंबहुना विनोदाची आज्ञा होती, त्याच तळावर एका शब्दाला बंदी होती. हसायला मोकळीक, नाव घ्यायला मनाई.

आता अंकाकडे येऊ.

'काबिचुई'च्या शीर्षकपट्टीवरच एक चित्र आहे : माणसासारखी आकृती आणि तिच्यावर तुटून पडलेला गांधीलमाशांचा थवा. खाली मजकूर, बहुतेक स्पॅनिशमध्ये, मधूनमधून ग्वारानी पद्यं. आणि जवळजवळ प्रत्येक अंकात लाकडावर कोरलेले ठसे. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू, मित्रे, उरुग्वेचे फ्लोरेस, काशियास, आरमाराचे अधिकारी, सगळे यात आहेत, पण माकड, गाढव अशा प्राण्यांच्या रूपात किंवा त्यांच्या सोबतीनं. काशियासांच्या संथ हालचालींची थट्टा करायला त्यांना कासवावर बसवलं आहे. जून १८६७ पासून ब्राझीलनं टेहळणीसाठी दोन अमेरिकी बंधूंकडून हवेत फुगा चढवला, तेव्हा खाली पॅराग्वेचे सैनिक गवत जाळून धूर करत, म्हणजे वरच्याला काही दिसू नये. युद्धातलं सर्वांत आधुनिक यंत्र आणि त्याला उत्तर ओल्या गवताचं! या फुग्याची टवाळी न करता कुठलंही विनोदी पत्र गप्प बसलं नसतं.

चित्रं कोरली कुणी? सैनिकांनी. सातुरिओ रिओस, इनोसेन्सिओ आकिनो, मानुएल कोलुंगा अशी काही नावं ठशांवरच सापडतात. चित्रशाळेत शिकलेली ही माणसं नव्हेत. त्यामुळे या चित्रांत छायाप्रकाशाचं कौशल्य नाही, शरीराची प्रमाणं चुकलेली आहेत, मागचं-पुढचं यांचा मेळ नाही. डोकं मोठं, पाय काडीसारखे. कडक लाकडात सुरी जिथे अडकली तिथे रेघ तुटली आहे. पार्श्वभूमी कित्येकदा नुसती काळी किंवा नुसती मोकळी.

पण आता या चित्रांशेजारी दुसरी चित्रं ठेवा. याच युद्धावर ब्राझीलच्या पेद्रू आमेरिकू यानं 'आवाईची लढाई' रंगवली. १८७७ मध्ये, इटलीत, फ्लॉरेन्सला बसून. सुमारे अकरा मीटर रुंद कॅनव्हास. घोडे उधळतायत, आकाश फाटलंय, हजार माणसं एकमेकांत घुसली आहेत. कौशल्य निर्विवाद. आणि अर्जेंटिनाचा कांदिदो लोपेस. नाव सारखं असलं तरी त्या राष्ट्राध्यक्षाशी संबंध नाही. कुरुपाइतीला त्यानं उजवा हात गमावला, डाव्या हातानं रंगवायला शिकला आणि पुढची अनेक वर्षं लांबच लांब, अरुंद पट्ट्यांसारख्या चित्रांत ती छावणी, ते तंबू, ती मुंग्यांसारखी माणसं रंगवत बसला. पेद्रू आमेरिकू युद्धाला नाटक करतो, कांदिदो लोपेस युद्धाची रोजनिशी लिहितो. दोघांकडेही एक गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. युद्ध संपलं होतं, शेवट माहीत होता.

पासो पुकूच्या कोरणाऱ्याला शेवट माहीत नाही. त्याला तीन-चार दिवसांत पुढचा ठसा द्यायचाय. या चित्रांची ताकद मला तिथे दिसते. रेघेत घाई आहे, पण भीती नाही. ज्या हाताला शिकवलेलं नाही तो हात नक्कल करू शकत नाही, म्हणून त्याला स्वतःचं काहीतरी शोधावं लागतं. तुटलेली रेघ इथे दोष राहत नाही, ती आवाज होते. पॅराग्वेतले समीक्षक या ठशांकडे गंभीरपणे वळले त्याचं कारण हेच. खोसेफिना प्ला यांनी त्यांच्याविषयी लिहिलं, तिसिओ एस्कोबार यांनी लिहिलं, आणि १९८४ मध्ये असुन्सियोनच्या मुसेओ देल बारो या संग्रहालयानं 'काबिचुई'च्या अंकांची जशीच्या तशी आवृत्ती काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इथे लोकांची स्वतःची दृश्यभाषा पहिल्यांदा छापील कागदावर येते. हे मला मान्य आहे. पण अर्धंच.

दुसरी गोष्ट भाषेची. हीही खरी आणि मोठी आहे. पॅराग्वेत बहुसंख्य लोकांची बोली ग्वारानी. पण शाळेत तिला मज्जाव. 'काबिचुई'च्या संपादकांपैकी एक, हुआन क्रिसोस्तोमो सेंतुरिओन, आपल्या आठवणींत शाळेतली रीत सांगतो. ग्वारानी बोलताना जो सापडेल त्याच्या हाती एक धातूची अंगठी द्यायची, त्यानं ती पुढे दुसऱ्या कुणाला ग्वारानी बोलताना पकडून द्यायची, आणि आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडे अंगठी त्याला फटके. म्हणजे मुलांनाच मुलांचे हेर करायचं! मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली माणसं आपल्याकडेही आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि १८६७ मध्ये काय होतं? तीच भाषा अचानक राष्ट्राची भाषा होते. जुलैमध्ये 'कासिके लाम्बारे' नावाचं संपूर्ण ग्वारानी पत्र असुन्सियोनहून निघतं. त्याआधी पासो पुकूच्या तळावर ग्वारानी कशी लिहावी, तिचं लेखन कसं असावं, यावर लोपेसच्या आज्ञेनं जाणकारांची बैठक बसते. विचार करा, खंदकांच्या मागे, दुष्काळात, शुद्धलेखनाची बैठक! का? कारण सैनिकाला स्पॅनिश कळत नव्हतं, आणि सैनिकानं लढायला हवं होतं. अंक छावणीत मोठ्यानं वाचून दाखवले जात. कालपर्यंत जिच्यासाठी फटके बसत होते, ती भाषा आज मरण्यासाठी उपयोगी ठरली.

इथे उतावीळ होऊन 'म्हणजे सगळा ढोंगीपणा' असं म्हणू नका. सत्तेनं स्वार्थासाठी उघडलेलं दारसुद्धा दारच असतं. ज्यानं पहिल्यांदा आपली भाषा छापलेली पाहिली त्या सैनिकाचा आनंद खोटा नव्हता. दार कुणी उघडलं आणि आत कोण आलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं निदान एवढा फरक पाळावा.

आता हसण्याकडे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार केले, आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. आणि पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या. त्यातल्या दोन-दोन उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतीच्या माणसांना वाटून दिल्या. आपण परीक्षेत हे पाठ करून लिहिलं आणि विसरलो. पण यात एक मोलाचा धागा आहे : हसणं ही एकच गोष्ट नाही, ते कुणाचं आहे आणि कुठल्या दिशेला आहे हे विचारल्याशिवाय त्याचा रस ठरत नाही. पुढे फ्रेंच तत्त्ववेत्ता बेर्गसाँ १९०० सालच्या आपल्या पुस्तकात दुसऱ्या टोकानं तेच म्हणतो. हसायचं असेल तर हृदय तात्पुरतं बधिर करावं लागतं. ज्याच्याबद्दल करुणा दाटून आली आहे त्याला त्या क्षणी हसता येत नाही.

'काबिचुई' हे बधिर करण्याचं काम करत होतं. आणि वेढ्यातल्या माणसाला बधिरता लागते, हे मी नाकारत नाही. तोफगोळा पडला की पॅराग्वेचे सैनिक शिंगं फुंकून त्याची टर उडवत, 'तुरुतुतू' म्हणत त्या शिंगांना, असं थॉम्प्सन लिहितो. मृत्यू अंगावर येतोय आणि आपण त्याला भोंगा दाखवतोय. याला मी केवळ प्रचार म्हणायला तयार नाही. शिंगं फुंकायचा हुकूम असो वा नसो, फुंकताना छातीत भरलेली हवा त्या माणसाची स्वतःचीच होती.

पण बधिरता कुणाविषयी? इथे चित्रं आपल्याला अडचणीत आणतात.

ब्राझीलच्या फौजेत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येनं होते. ब्राझील तेव्हा गुलामगिरी चालवणारं साम्राज्य होतं. नोव्हेंबर १८६६ मध्ये सरकारी मालकीच्या गुलामांना सैन्यात येण्याच्या अटीवर मुक्त करण्याचं फर्मान निघालं. आणि 'काबिचुई'चा सर्वांत आवडता विनोद कोणता? की हे शत्रू माणसंच नाहीत, माकडं आहेत. सम्राटापासून शिपायापर्यंत सगळे माकड. सम्राटाला माकड करणं ही व्यंगचित्राची जुनी रीत, समजू शकतो. पण ज्या माणसाला आधी मळ्यात बांधलं, मग बंदूक देऊन दलदलीत पाठवलं, त्याला माकड करणं हा विनोद वर जात नाही, खाली जातो. तो सत्तेला डसत नाही. जो आधीच जखमी आहे त्याला डसतो.

आणि गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, पॅराग्वेतही गुलाम होते. १८४२ च्या कायद्यानं पुढे जन्मणाऱ्या मुलांना कालांतरानं सुटकेची सोय केली होती, पण गुलामगिरी संपली नव्हती. १८६६ मध्ये लोपेसनंही गुलामांना सैन्यात घेतलं. म्हणजे ज्या खंदकात हा अंक वाचला जात होता त्या खंदकातही कृष्णवर्णीय सैनिक होते. ते या विनोदाला हसले असतील का? हसावं लागलं असेल का? पॅराग्वेत गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६९ मध्ये, आघाडीच्या ताब्यातल्या असुन्सियोनमधल्या हंगामी सरकारच्या हुकमानं. आणि ब्राझीलनं स्वतःची गुलामगिरी संपवली १८८८ मध्ये! इतिहास कुणाच्याच तोंडाला साखर लावत नाही.

काही समीक्षक म्हणतात, हा वंशद्वेष वरून आलेला होता, हात मात्र निरागस होता. मी हे मानत नाही. ठसे बघितले की दिसतं, तो हात रंगून गेला आहे. लोककला म्हणून ज्या रेघेचं आपण कौतुक केलं, तीच रेघ इथेही तितकीच जिवंत आहे. कौतुक करताना 'लोक' आणि द्वेष दिसला की 'सरकार', अशी वाटणी सोयीची आहे, प्रामाणिक नाही.

आता मुख्य मुद्दा. गांधीलमाशी कुणाकुणाला डसली याची यादी आपण केली. कुणाला डसली नाही?

एका माणसाला. लोपेसला. 'काबिचुई'त त्याच्या वाट्याला येते ती फक्त स्तुती. तो राष्ट्राचा बाप, तो अजिंक्य. तुम्ही म्हणाल, सर, हे काय बोलणं झालं? वेढ्यात बसून कुणी आपल्याच सेनापतीची थट्टा करतं का? केली असती तर गोळी घातली असती. बरोबर आहे. मी त्या कोरणाऱ्यांकडे धैर्याची बाकी काढत नाही. दीडशे वर्षांनंतर खुर्चीत बसून दुसऱ्याकडे हौतात्म्य मागण्याचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं समीक्षकांशी आहे.

आणि तुलना करायची तर त्याच युद्धातली करा. बुएनोस आयरेसला १८६३ पासून एक व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघत होतं, नाव 'एल मोस्कितो', म्हणजे डास. इकडे माशी, तिकडे डास, दोघांचं काम चावायचं! पण हा डास स्वतःच्या घरात चावायचा. मित्रे, त्यांचे मंत्री, त्यांचे विरोधक, कुणाचीही गय नाही. अर्जेंटिना काही स्वातंत्र्याचं नंदनवन नव्हतं. युद्धाला विरोध करणारी वृत्तपत्रं तिथेही बंद पाडली, लेखकांना तुरुंगात टाकलं. तरी डासाला उडायला जागा होती. ब्राझीलमध्ये आंजेलू आगोस्तिनी. साओ पाउलोच्या 'काब्रियाऊं'मध्ये १८६६-६७ सालीच तो माणसं धरून-बांधून सैन्यात भरण्याची टर उडवत होता. आणि युद्ध संपल्यावर १८७० मध्ये त्यानं एक चित्र काढलं. 'पॅराग्वेहून परत.' छातीवर पदकं लावलेला कृष्णवर्णीय सैनिक गावी परततो, आणि समोर काय बघतो? त्याची आई खांबाला बांधलेली, तिला चाबकाचे फटके बसतायत. या चित्रात हसू जवळजवळ उरलेलंच नाही. पण व्यंगचित्राची सारी ताकद आहे. ज्या सैनिकाला 'काबिचुई'नं माकड केलं, त्याच सैनिकाला आगोस्तिनीनं माणूस म्हणून उभं केलं, आणि डंख मारला तो स्वतःच्या देशाला.

चित्रकौशल्याचा हा प्रश्न नाही. रेघेचा जोर बघाल तर पासो पुकूचे काही ठसे आगोस्तिनीपेक्षा मला जास्त आवडतात. फरक दिशेचा आहे. ज्या हसण्याला घराच्या आत वळता येत नाही, ते कितीही जोरकस असलं तरी त्याला मालक असतो.

या मालकीचं पुढे काय झालं ते बघा. 'काबिचुई'चा एक संपादक नातालिसिओ तालावेरा. कवी, युद्धवार्ताहर, पॅराग्वेच्या आरंभीच्या कवींमध्ये त्याचं नाव घेतात. ऑक्टोबर १८६७ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पासो पुकूलाच तो कॉलऱ्यानं गेला. म्हणजे ज्या रोगाचं नाव घ्यायचं नव्हतं त्या रोगानं. नोव्हेंबरच्या ३ तारखेला पॅराग्वेच्या फौजेनं तुयुतीच्या शत्रुछावणीवर पहाटे छापा घातला. छापा यशस्वी होत होता. पण भुकेलेले सैनिक कोठारांवर तुटून पडले, रांगा मोडल्या आणि पलटवारात त्यांची कत्तल झाली. भूक ही एकच गोष्ट अशी होती जिला कुठलाही विनोद बधिर करू शकला नाही.

आणि दुसरा संपादक, फिदेल माइस. हा पाद्री. लोपेसच्या सत्तारोहणाला विरोध केल्याच्या संशयावरून १८६२ पासून तुरुंगात. १८६६ च्या शेवटी सुटला, सुटल्यावर लोपेसची स्तुती लिहिली, आणि मग 'काबिचुई'त विनोद लिहू लागला. १८६८ मध्ये हुमाइताचा किल्ला पडण्याच्या सुमारास लोपेसला सगळीकडे कट दिसू लागले. सान फेर्नांदोच्या तळावर खास न्यायालयं बसली. शेकडो लोकांना देहदंड झाला. मंत्री, अधिकारी, व्यापारी, परदेशी. पुढे लोपेसचा सख्खा भाऊ आणि बिशपसुद्धा. अनेकांना आधी छळून कबुली घेतली. आणि या न्यायालयांत फिर्यादीच्या बाजूनं कोण उभा होता? फादर माइस. त्याच सुमारास, १८६८ च्या मध्यानंतर, 'काबिचुई' बंद पडला.

विनोद लिहिणारा हात आरोपपत्र लिहू लागला, यात मला योगायोग दिसत नाही. शत्रूची व्याख्या विनोदानं आधीच करून ठेवली होती : शत्रू म्हणजे ज्याच्याबद्दल हृदय बधिर करायला परवानगी आहे तो. बाहेरचा शत्रू हाताशी येईना तेव्हा ती बधिरता घरात वळली. हसू घरात वळू शकलं नव्हतं, क्रौर्य वळलं.

हुमाइता पडल्यानंतर महिन्याभरात रिचर्ड बर्टन तिथे पोचला. हे नाव आपल्याला परकं नाही. मुंबई इलाख्याच्या फलटणीत असताना मराठीची परीक्षा दिलेला, गोव्यावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिणारा तोच हा. तेव्हा तो ब्राझीलमध्ये इंग्रजांचा वकील होता. हुमाइताची कीर्ती त्यानं ऐकली होती, अभेद्य किल्ला म्हणून. प्रत्यक्षात पाहून त्याची निराशा झाली. त्या कीर्तीच्या मानानं तटबंदी फारच सामान्य होती. पण त्याच सामान्य तटबंदीमागे माणसं दोन वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली, आणि त्या टिकण्यात कारागुआताच्या कागदाचाही वाटा होता.

मग या ठशांना आपण काय म्हणायचं? निव्वळ प्रचार म्हणून फेकून देऊ नये. त्यांत एका अडाणी समजल्या गेलेल्या हाताची पहिली सही आहे, दाबलेल्या भाषेचा छापील श्वास आहे. पण 'जनतेचं हसू' म्हणून आरतीही ओवाळू नये. त्या हसण्याला कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आत एका माणसाचं नाव आणि एका रोगाचं नाव घ्यायची बंदी होती. चांगल्या समीक्षेनं दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरायला हव्यात. ठसा हातात घ्या, रेघेवरून बोट फिरवा, तिचं कौतुक करा. आणि मग विचारा, ही रेघ कुठे वळायची थांबली?

युद्धात प्रत्येक देश हसतो. पुढेही हसतील. तेव्हा विनोद किती धारदार आहे एवढंच बघून टाळ्या वाजवू नका. तो कुणाला डसत नाही ते आधी शोधा. बहुतेक वेळा त्या यादीत एक-दोनच नावं असतात, आणि त्या काळाविषयी जे कळायला हवं ते त्या नावांतून कळतं.